समाजकार्याच्या प्रकल्पांवर विद्यार्थ्यांचे छोटे व्हिडिओ: कोणासाठी आणि कसे?

कोपरीकर | रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. मी ठाण्यातल्या एका महाविद्यालयात शिकवते आणि राष्ट्रीय सेवा योजनेची, म्हणजे आपल्या एनएसएसची, कार्यक्रम अधिकारी म्हणूनही काम बघते. इथे व्हिडिओ एडिटिंग करणारे, संस्थांमध्ये काम करणारे, वकील, कॉलेजची मुलं असे सगळेच आहेत, म्हणून हा धागा काढतेय.

आधी थोडी पार्श्वभूमी. एनएसएस २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर हे गणित इथल्या अनेकांनी स्वतः केलं असेल. मुंबई विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन व विस्तार विभागातून सर्वेक्षणं करून त्याच्या 'उडान' महोत्सवात पथनाट्य केलेलेही असतीलच. पण या दोन्हींत मुलं आपणहून येतात. नव्या शैक्षणिक धोरणानंतर मात्र फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटला (मुलांच्या भाषेत 'सीईपी') श्रेयांक (क्रेडिट) मिळतात, एका श्रेयांकाला ३० तास. म्हणजे ज्याला यात काडीचा रस नव्हता तोही आता वस्तीत, खाडीवर, पाड्यावर जाणार. मला हे फार मोलाचं वाटतं. कारण अशा कामाला नाखुशीनं आलेली मुलं कामातच बदलताना मी पाहिली आहेत.

यंदा आम्ही लेखी अहवालाच्या जोडीला प्रत्येक गटाकडून दीड मिनिटाचा व्हिडिओ मागितलाय. पुढच्या वर्षीच्या मुलांना कामाची ओढ वाटावी आणि परिसरातल्या लोकांनी कामाला हातभार लावावा, हा हेतू. विषय चांगले आहेत. कळव्याच्या एका सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा करणं, येऊरच्या पाड्यावर संध्याकाळचा अभ्यासवर्ग, ऐरोलीच्या बाजूला कांदळवनातलं प्लास्टिक काढणं, रक्तदान, आणि कोपरीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर मोबाइल शिकवणं.

कच्चे व्हिडिओ आलेत. सगळ्यांची सुरुवात सारखी: धडाडधूम संगीत, कॉलेजचं नाव, टी-शर्ट घातलेली मुलं स्लो-मोशनमध्ये चालत येतात. मग हातमोजे, झाडू, पोतं, ग्रुप फोटो. ज्यांच्यासाठी काम केलं ती माणसं एक तर दिसतच नाहीत, किंवा हात जोडून आभार मानताना दिसतात. कोणाचं काम आहे हे समजतं, पण काम काय आहे ते समजत नाही.

एकच जागा मला थांबवून गेली. कट्ट्यावरच्या व्हिडिओत एक आजोबा आहेत. चष्मा कपाळावर सरकवलेला, फोन डोळ्यांजवळ, तर्जनी पडद्याच्या बोटभर वर थबकलेली. शेजारी आमची मुलगी उभी आहे आणि तिने दोन्ही हात पाठीमागे धरलेत, मुद्दाम, घाईघाईनं आपणच बटण दाबू नये म्हणून. तीन-चार सेकंद तसेच जातात आणि मग आजोबांचं बोट खाली येतं. शिकवणं म्हणजे काय ते तेवढ्यात दिसतं. आणि लगेच पुन्हा ड्रम.

तर विचारायचंय ते असं. हे व्हिडिओ चांगले व्हावेत म्हणून मुलांना नेमकं काय सांगावं? समोरच्या माणसांना दाखवताना कुठे थांबावं? आणि याला गुण कशावर द्यावेत?

फ्रेमवाला | रविवार, रात्री १०.३५

ताई, घोडबंदर रोडला राहतो, एडिटिंग हेच माझं पोटापाण्याचं काम. मुलांवर रागावू नका, त्यांच्या फोनवर दिवसभर हेच येतं. त्यांना वेगळं करून दाखवायला हवं.

आजोबांचा जो शॉट तुम्ही सांगितलात तिथूनच व्हिडिओ सुरू करा. बघणारा पहिल्या दोन-तीन सेकंदांत ठरवतो, थांबायचं की पुढे सरकायचं. त्या वेळात कॉलेजचं बोधचिन्ह दाखवलं की तो गेलाच. नावं, आभार, प्राचार्य, सगळं शेवटी आणि तेही थोडक्यात. आणि तो शॉट कापू नका. पूर्ण चार सेकंद ठेवा, खाली संगीत नको. कट्ट्यावरच्या गप्पा, चहाच्या ग्लासांचा आवाज, जे असेल ते राहू द्या.

मुलं चित्राला जपतात आणि आवाज वाऱ्यावर सोडतात, हा माझा नेहमीचा अनुभव. आपल्याकडे रस्त्यावर उभं राहून बोलायचं म्हणजे रिक्षा, बांधकाम आणि लोकल यांच्याशी झुंज. महागडा माइक घ्यायची गरज नाही. वायरचा साधा इअरफोन दुसऱ्या फोनला लावा, त्याचा माइक बोलणाऱ्याच्या कॉलरला अडकवा आणि आवाज वेगळा रेकॉर्ड करा. सुरुवातीला एकदा टाळी वाजवा, म्हणजे एडिटिंगला बसल्यावर चित्र आणि आवाज जुळवायला सोपं जातं. खाडीवर वारा असतो, तिथे माइकवर फोमचा तुकडा बांधा. बोलणं झालं तरी अर्धा मिनिट गप्प राहून नुसता तिथला आवाज घ्या. तुकडे जोडताना मधल्या फटी त्यानेच बुजतात.

निवेदन आधी कागदावर लिहा. दीड मिनिटात दीडशे शब्दांच्या वर गेलात की माणूस धापा टाकत बोलतो. चित्रात जे दिसतंय ते निवेदनात पुन्हा सांगू नका. फोन उभा धरा, १०८० बाय १९२०, आणि पडद्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा, नाहीतर कोणी आडवं गेलं की चेहरा काळाठिक्कर पडतो. सबटायटल अगदी तळाला नको, तिथे खात्याचं नाव आणि मजकूर येतो.

शेवटी बघणाऱ्याकडे एकच गोष्ट मागा. 'शनिवारी सकाळी आठ वाजता अमुक ठिकाणी या', बास. 'पर्यावरण वाचवा' हे मागणं नव्हे, त्यावर माणूस काय करणार?

खाडीपल्याड | सोमवार, सकाळी ६.५०

मॅडम, तुमच्या कांदळवनाच्या गटासाठी लिहितो. आम्ही ऐरोलीच्या अंगाला राहणारे, खाडीवर मासेमारी करणारे. सिडको १९७० ला आली त्याच्या आधीपासून आमचं गाव इथे आहे.

मागे एका कॉलेजची मुलं आमच्या जेट्टीवर आली होती. मुलं चांगली होती, चिखलात उतरून मनापासून राबली. आमच्या घरच्या बायकांनी त्यांना पाणी दिलं, पाय धुवायला जागा दिली. नंतर व्हिडिओ फिरत फिरत आमच्याच ग्रुपवर आला. त्यात पहिलंच वाक्य असं की गावच्या लोकांनी खाडीची कचराकुंडी करून टाकली. माझ्या काकांचा चेहरा त्यात होता, जाळं विणताना, आणि वर ते वाक्य. काका काही बोलले नाहीत, पण त्यानंतर जेट्टीवर कोणी फोन काढला की ते उठून जातात.

खरं काय आहे ते सांगतो. मुलं ओहोटीला आली होती. ओहोटीला चिखल उघडा पडतो, त्यावर कचरा दिसतो आणि शेजारी आमची घरं दिसतात. तो कचरा भरतीबरोबर येतो. ठाणे, मुंबई, नवी मुंबई, तिन्हीकडचे नाले याच खाडीत उतरतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी पार आत शिरतं आणि जाताना पिशव्या, बाटल्या, थर्माकोल झाडीत टाकून जातं. आमच्या जाळ्यात बोय आणि कोळंबीपेक्षा प्लास्टिक जास्त येतं, ते आम्ही रोज होडीतच निवडतो. हे त्या व्हिडिओत कुठेच नव्हतं. कोणाला विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं.

आणि साफसफाई करतानाही शिकण्यासारखं आहे, ते दाखवा की! तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी सरळ वर येतात. झाड त्यातून श्वास घेतं. वेफर्सचं पाकीट त्यात गुंतलं आणि तुम्ही हिसका दिला की मुळं मोडतात. पाकीट हलक्या हाताने फिरवत सोडवावं लागतं. पायसुद्धा बघून टाकायचा. आमच्यातली म्हातारी माणसं हे सहज करतात. मुलांनी त्यांच्याकडून शिकताना स्वतःला दाखवलं असतं, तर व्हिडिओ चांगला झाला असता आणि काकाही आनंदाने बसले असते.

अजून एक. फ्लेमिंगो दिसले की सगळे त्यांच्यामागे पळतात. ठाणे खाडीला २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ ला रामसर स्थळांच्या, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत नाव लागलं, अभिमानाचीच गोष्ट आहे. पण पक्षी उघड्या चिखलावर चरतात. चांगला शॉट मिळावा म्हणून त्यांना उडवू नका. आणि उघड्या चिखलात रोपं लावतानाचे व्हिडिओ करू नका. दिसायला ते पुण्याचं काम दिसतं, पण त्या चिखलावर झाडी माजली की पक्ष्यांना चरायला जागा राहत नाही. कुठे लावायचं ते वन खात्याच्या कांदळवन कक्षाला विचारा. ऐरोलीला त्यांचं जैवविविधता केंद्रच आहे.

मागणं एकच. लोकांना दाखवण्याआधी आम्हाला दाखवा.

टीवाय_वाशी | सोमवार, दुपारी १.२०

मी तिसऱ्या वर्षाला आहे, वाशीला राहते. सगळे मोठे लोक बोलतायत, म्हणून विद्यार्थ्यांची बाजू मांडते.

दादा, तुमच्या काकांचं वाचून खूप वाईट वाटलं. तसं कोणाशीच व्हायला नको. पण मॅडम, 'टी-शर्ट घातलेली मुलं' दिसतात यावर सगळा राग निघू नये असं वाटतं. मी एनएसएसला आले ती एका सीनियरचा व्हिडिओ बघूनच. ती माझ्यासारखीच होती, हार्बर लाइनने धक्के खात येणारी, आणि ती पाड्यावर मुलांना गणित शिकवत होती. तिला बघून वाटलं, हे मलाही जमेल. व्हिडिओत आम्ही नसलो तर आमच्या वयाचं कोणी का येईल?

आमच्या गटाकडे रक्तदान होतं. आम्हीही आधी रक्ताचा थेंब, हृदय, 'रक्तदान श्रेष्ठदान' असलंच केलं होतं. मग आमच्यातली एक मैत्रीण खरंच घाबरली होती, तिलाच कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि तिने रक्तपेढीच्या डॉक्टरांना मनातले सगळे प्रश्न विचारले. माझं वजन ४६ किलो आहे, चालेल का? चालेल, ४५ च्या वर हवं. हिमोग्लोबिन किती लागतं? १२.५. परत कधी देता येतं? पुरुषांना ९० दिवसांनी, बायकांना १२० दिवसांनी. आदल्या रात्री जागरण झालंय, देऊ का? नको, झोप झाली की ये. तिच्या चेहऱ्यावरची भीती कमी होत जाते ते दिसतं. शेवटी ती सुईकडे न बघता आमच्याकडे बघत रक्त देते. तो व्हिडिओ वर्गाच्या ग्रुपवर टाकल्यावर मुली मला पर्सनल मेसेज करून विचारायला लागल्या, मासिक पाळीत देता येतं का, टॅटू काढलाय तर काय. हे प्रश्न त्या शिबिरात मोठ्याने विचारणार नव्हत्या.

म्हणजे चेहरे आमचे असू देत, पण आम्ही तिथे शिकताना दिसलो पाहिजे. मिरवताना नाही. आणि मॅडम, गुण लाइक्सवर देऊ नका, प्लीज. ज्याचे फॉलोअर्स जास्त त्यालाच जास्त मिळतात.

नौपाडा_वकील | सोमवार, रात्री ८.०५

कायद्याची बाजू सांगतो, कारण चांगल्या हेतूने गेलेली मुलं नेमकी इथे अडकतात.

सगळ्यात आधी लहान मुलं. बालगृह, निरीक्षणगृह अशा ठिकाणी प्रकल्प असेल तर तिथल्या मुलांचे चेहरे, नावं, शाळा, पत्ता, ओळख पटेल असं काहीही दाखवता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'संस्थेच्या ताईंनी हो म्हटलं' हा बचाव चालत नाही. इतर मुलांच्या बाबतीतही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरलंय आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे. येऊरच्या अभ्यासवर्गातली मुलं यातच येतात. पालकांना विचारा, आणि नुसती सही घेऊ नका. व्हिडिओ कुठे टाकणार, किती दिवस ठेवणार, नंतर नको वाटलं तर कोणाला सांगायचं, हे मराठीत सोप्या शब्दांत लिहून वाचून दाखवा. वाचता न येणाऱ्या आईकडून अंगठा घेऊन मोकळं होणं म्हणजे संमती नव्हे.

प्रौढांनाही हा हक्क आहेच. कळव्याच्या सोसायटीत कचरा वेगळा न करणाऱ्या घराचं दार आणि नावाची पाटी दाखवणारा व्हिडिओ मी पाहिलाय. त्या कुटुंबाची वस्तीत नाचक्की झाली आणि कचरा होता तिथेच राहिला. तसलं करू देऊ नका.

रुग्णालयात प्रकल्प असेल तर रुग्ण अजिबात नकोत, मागच्या खाटेवरचे सुद्धा.

चित्रपटातली गाणी टाळा. फोनवर गाणं सापडतं म्हणून ते कॉलेजच्या खात्यावर वापरायचा हक्क मिळत नाही. गटात कोणाला ढोलकी, बासरी येत असेल तर तेच रेकॉर्ड करा. रेल्वेच्या हद्दीत आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत चित्रीकरणाला परवानगी लागते, येऊरचा बराच भाग संजय गांधी उद्यानात येतो हे मुलांच्या लक्षात नसतं. आणि ड्रोनचा हट्ट धरला तर २०२१ चे ड्रोन नियम आणि 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोनचा नकाशा आधी बघायला लावा. एका बाजूला मुंबई विमानतळ, दुसऱ्या बाजूला २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा. आपल्या डोक्यावरचं आकाश मोकळं नाही.

येऊरची_वाट | सोमवार, रात्री ११.३०

मी येऊरच्या पाड्यांवर बरीच वर्षं काम करते. आपण आत्ता जे बोलतोय, ते खूप आधी कोणी तरी करून बघितलंय, ते सांगायला आले.

१९६७ मध्ये कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ फोगो नावाच्या बेटावर सरकारने तिथल्या मच्छीमारांना हलवायचं घाटलं होतं. तिथल्या विद्यापीठाच्या विस्तार विभागाने आणि राष्ट्रीय फिल्म मंडळाने मिळून बेटावरच्या लोकांच्या छोट्या छोट्या फिल्म केल्या. आणि त्या आधी बेटावरच्याच लोकांना दाखवल्या. काही नको असेल तर काढून टाकायचा हक्क त्यांना दिला. एका वाडीतल्या लोकांनी दुसऱ्या वाडीतल्या लोकांचं म्हणणं पडद्यावर ऐकलं आणि आपलं दुखणं एकच आहे हे त्यांना कळलं. मग फिल्म सरकारकडे गेल्या. लोक हलले नाहीत, त्यांनी मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. खाडीपल्याड दादा मागतायत ते हेच आहे, 'आधी आम्हाला दाखवा'.

आपल्या देशातही आहे. अहमदाबादच्या 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेने १९८४ मध्ये आपल्या सभासद बायकांना, त्यात भाजी विकणाऱ्या होत्या, लिहिता-वाचता न येणाऱ्याही होत्या, व्हिडिओ कॅमेरा चालवायला शिकवलं. त्या काळच्या त्या अवजड कॅमेऱ्यांवर त्या बायकांनी स्वतःचे प्रश्न स्वतः मांडले. आज पाड्यावरच्या जवळजवळ प्रत्येक घरात फोन आहे. आपली मुलं मात्र तिथे जाऊन त्यांचं चित्रीकरण करतात, हातात फोन देत नाहीत.

पाड्यावरचे व्हिडिओ नेहमी एकाच साच्यातले असतात. अनवाणी पाय, कुडाची भिंत, आईच्या कडेवरचं मूल, आणि खाली रडवेलं संगीत. मग वह्या वाटप. तीच मुलं एरवी काय करतात? एक नववीतली मुलगी आहे, तिला जंगलातल्या पावसाळी भाज्या पानावरून ओळखता येतात, शेवळं कधी काढायची, कशाबरोबर शिजवायची म्हणजे घसा खवखवत नाही, सगळं पाठ. आपली विज्ञान शाखेची मुलं तिच्यापुढे वही घेऊन बसली होती. ते कोणी शूट केलं नाही. आणि तीच मुलगी वह्या घेताना मात्र शूट झाली.

सेवा-शिक्षणाच्या, म्हणजे समाजकामातून शिकण्याच्या, क्षेत्रात रॉबर्ट सिग्मन यांनी १९७९ मध्ये मांडलेली तीन सूत्रं आहेत. ज्यांच्यासाठी काम, त्याची सूत्रं त्यांच्याच हातात असावीत. कामातून त्यांची स्वतःची क्षमता वाढावी. आणि काम करणारेही शिकणारे असावेत, काय शिकायचं यावर त्यांचा बराच ताबा असावा. ताई, तुमच्या व्हिडिओंना हीच कसोटी लावून बघा. आजोबांचा तो शॉट तिन्हींवर उतरतो. वह्या वाटपाचा एकावरही उतरत नाही.

टीवाय_वाशी | मंगळवार, सकाळी ७.१५

येऊरची_वाट ताई, एक विचारू? फोन त्यांच्या हातात दिला तर आमच्या गुणांचं काय? व्हिडिओ आम्ही केला असं कसं म्हणायचं?

येऊरची_वाट | मंगळवार, सकाळी ८.४०

विचारलंस ते बरं केलंस. शूट त्या मुलीने करावं. तू तिला फोकस लॉक करायला शिकव, आवाज कसा घ्यायचा ते शिकव, तिच्या शेजारी बसून एडिटिंग कर. नावात दोघी. मॅडमनी गुण द्यावेत ते तू तिला काय दिलंस आणि तिच्याकडून काय घेतलंस, याला.

शब्दखूण | मंगळवार, सकाळी ११.००

मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवते, छोटीशी विनंती. सबटायटल प्रत्येक व्हिडिओला द्याच. आपोआप येणाऱ्यांवर सोडू नका, माणसांची आणि पाड्यांची नावं त्यात हमखास चुकतात, हाताने दुरुस्त करा. पांढऱ्या अक्षरांमागे काळी पट्टी ठेवा, एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नको. आणि बोलणाऱ्याच्या तोंडासमोर माइक धरू नका, आमची मुलं ओठ वाचतात. लोकलमध्ये आवाज बंद ठेवून बघणाऱ्या सगळ्यांचीही सोय होईल.

कट्टेकरी | मंगळवार, दुपारी ४.३०

आम्ही कोपरीच्या कट्ट्यावरचे. वयाची सत्तरी ओलांडलेली, निवृत्तीआधी बँकेत होतो. कॉलेजच्या मुलांचा मोबाइल वर्ग आम्हीही केला, त्यामुळे अधिकाराने लिहितो.

कोपरीकर बाई, तुम्ही वर्णन केलेल्या त्या शॉटमध्ये आजोबा नेमकं काय दाबत होते ते आधी तपासा. पैसे पाठवत असतील आणि पिन टाकताना बोट दिसत असेल तर तो भाग वगळा. पिन दिसला नाही तरी बोटांच्या हालचालीवरून ओळखता येतो.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या मुलांनी आमच्यावर व्हिडिओ केला, आनंद आहे. पण आमच्यासाठी कोणी व्हिडिओ करेल का? वर्गात मुलगी शिकवते तेव्हा सगळं समजतं, घरी गेलं की विसरायला होतं. मुलगा-सून कामावर, नातवाला वेळ नाही. तिने शिकवलेली एकेक गोष्ट एकेका मिनिटाच्या व्हिडिओत घालून आमच्या ग्रुपवर टाकली तर आम्ही ती दहादा बघू. उदाहरणार्थ, पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो देताना. एवढं एक वाक्य डोक्यात बसलं असतं तर आमच्या कट्ट्यावरच्या एका वहिनींची भिशीची रक्कम गेली नसती. समोरचा म्हणाला, 'तुम्हाला पैसे पाठवतोय, पिन टाका', आणि त्यांनी टाकला. फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा, हेही त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. पहिल्या तासाला तिथे मोल असतं.

हा व्हिडिओ त्या वहिनींनी स्वतः बोलावा. त्या तयार आहेत, मी विचारलंय. चेहरा दाखवायला नको म्हणाल्या, हात आणि आवाज चालेल. आमच्या वयाच्या बाईचा आवाज ऐकला की बाकीच्या बायका ऐकतील. मुलांनी समजावलं तर 'यांना काय कळतंय' म्हणून सोडून देतात.

फ्रेमवाला | मंगळवार, सायंकाळी ६.१०

कट्टेकरी काका, तुम्ही धाग्याला खरं वळण दिलंत. प्रकल्पाची जाहिरात करण्यापेक्षा व्हिडिओ हाच प्रकल्पाचा भाग झाला तर तो सगळ्यांच्या कामाचा. तुम्हा मंडळींसाठी फोन आडवा धरलेला बरा, अक्षरं मोठी येतात. बोलणं सावकाश, प्रत्येक पायरीनंतर दोन सेकंद पडदा स्थिर. फाइल लहान ठेवा, म्हणजे ग्रुपवर पटकन उतरते. वहिनींच्या व्हिडिओचं एडिटिंग मी करून देतो, मुलांना शेजारी बसवून. पैसे नकोत.

कोपरीकर | बुधवार, रात्री ९.४५

सगळ्यांचे मनापासून आभार. आज गटांना एकत्र बसवून हा धागा वाचून दाखवला. खाडीपल्याड दादांच्या काकांचं आलं तेव्हा कांदळवनाच्या गटातली मुलं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांच्याही व्हिडिओत जवळपास तसंच वाक्य होतं, अजून कुठे टाकलेलं नव्हतं. ते काढलंय. आता ते भरती-ओहोटीवरच व्हिडिओ करणार आहेत, एकच जागा भरतीला आणि ओहोटीला, आणि मुळांतून पाकीट सोडवणारे हात. हात कोणाचे असावेत ते गावात विचारून ठरवतील.

येऊरच्या गटाने पाड्यावरच्या मुलीला आणि तिच्या आईला विचारायचं ठरवलंय. नाही म्हणाल्या तर व्हिडिओ होणार नाही आणि त्यामुळे एकही गुण जाणार नाही, असं मी लिहून दिलंय. रक्तदानाचा व्हिडिओ टीवाय_वाशीने सांगितला त्या धर्तीवर, डॉक्टर आणि घाबरलेला विद्यार्थी. कळव्याच्या गटाला व्हिडिओतून नावाच्या पाट्या काढायला सांगितल्यात. त्यांनी सफाई करणाऱ्या ताईंना विचारलं, तुम्हाला सोसायटीला काय सांगायचंय? त्या म्हणाल्या, फुटलेली काच आणि ब्लेड कागदात गुंडाळून वेगळी द्या, हात कापतात. आता तोच त्यांचा व्हिडिओ.

गुणांचं असं ठरलंय. लाइक्स, व्ह्यूज काहीही धरणार नाही. व्हिडिओ ज्यांच्यावर आहे त्यांना आधी दाखवला का, त्यांच्या सांगण्यावरून काय बदललं, आणि विद्यार्थ्याने स्वतः काय शिकलं ते त्याच्या शब्दांत, या तीन गोष्टींना बहुतांश गुण. कॅमेरा-एडिटिंगला थोडे. आणि सगळे व्हिडिओ विभागाच्या एकाच खात्यावर, म्हणजे बॅच पास होऊन गेली तरी कोणी 'काढून टाका' म्हणालं तर काढणारं माणूस जागेवर असेल. संमतीचा मराठी कागद मी तयार करतेय. नौपाडा_वकील सर, एकदा नजरेखालून घालाल का?

टीवाय_वाशी, पुढच्या वर्षीच्या मुलांशी बोलायला आमच्या कॉलेजात येशील का? तुझ्या सरांशी मी बोलते.

नौपाडा_वकील | बुधवार, रात्री १०.२०

जरूर पाठवा. आणि कागदावर एक दूरध्वनी क्रमांक ठळक छापा, विद्यार्थ्याचा नको, विभागाचा.

टीवाय_वाशी | बुधवार, रात्री १०.३२

येते मॅडम! डॉक्टरांना प्रश्न विचारणाऱ्या मैत्रिणीलाही आणते, ती आता न घाबरता बोलते.

खाडीपल्याड | गुरुवार, सकाळी ६.१५

मॅडम, काकांशी बोललो. आधी नको म्हणाले, मग विचारलं की मुलं किती वाजता येणार. उधाणाच्या दिवसांत येऊ नका, तेव्हा आमची कामाची घाई असते आणि पाणी आतपर्यंत येतं. अष्टमीच्या आसपास या, तेव्हा भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, पाणी कमी ओढीचं असतं, मुलांना उतरायला सुरक्षित. बूट नकोत, चिखलात रुततात, जुने मोजे घाला. व्हिडिओ तयार झाला की दाखवायला समाजमंदिरात या. तिथे मोठा टीव्ही आहे, प्रोजेक्टर आणायची गरज नाही. फोन जोडायची वायर तेवढी आणा.